गोडो, जीडेव्हलप की युनिटी? जुन्या लॅपटॉपवर पहिला गेम बनवणाऱ्यांसाठी

गेम इंजिनांची, म्हणजे ज्यांत गेम बनवतात त्या सॉफ्टवेअरची, तुलना करणारे तक्ते नेटवर ढीगभर आहेत. त्यांत थ्रीडी, ग्राफिक्स, प्रकाशयोजना असे रकाने असतात. दारव्हा, मेहकर किंवा चामोर्शीकडच्या पोट्ट्याला आधी जे बघावं लागतं ते त्यांत नसतं: लॅपटॉपची रॅम किती, इंजिन डाउनलोड करायला किती दिवसांचा डेटा जाईल आणि नेट नसताना काम चालतं का. इथे त्याच हिशेबाने बोलतो. घरात फायबर आणि १६ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल, तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

अनरियल हे चौथं नामांकित इंजिन पहिल्यांदाच बाजूला ठेवू. दिसायला देखणं आहे आणि एका गेमची कमाई १० लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत रॉयल्टीही (कमाईतला वाटा) मागत नाही. पण ते बनवणारी कंपनी स्वतःच ३२ जीबी रॅमची शिफारस करते आणि इंजिन डिस्कवर कितीतरी जीबी जागा खातं. ब्राउझरमध्ये चालणारा गेम बनवायची सोयही त्यांनी मूळ इंजिनातून केव्हाच काढून टाकली आहे. नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये.

राहिले तिघं.

गोडोची विंडोजसाठीची झिप दीडशे एमबीच्या आतली असते. ती उघडायची, आतली फाइल चालवायची, झालं. इन्स्टॉल नाही, खातं नाही, लॉगिन नाही. याचा खरा फायदा तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये कळतो. तिथे ॲडमिनचा पासवर्ड कोणी देत नाही, पण पेनड्राइव्हमधून गोडो चालतं आणि प्रोजेक्टचं फोल्डरही त्याच पेनड्राइव्हमध्ये राहतं. ४ जीबी रॅमवर ते उघडतं. फक्त नवा प्रोजेक्ट सुरू करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) विचारतात तिथे ‘कंपॅटिबिलिटी’ निवडा. तो ओपनजीएल ३.३ या जुन्या ग्राफिक्स पद्धतीवर चालतो, म्हणजे जुनं इंटेल ग्राफिक्सही बहुतेक वेळा पुरतं. वेबसाठीसुद्धा शेवटी तोच वापरावा लागतो.

युनिटीचं उलट आहे. आधी युनिटी हब, मग खातं, मग लायसन्स, मग एडिटर, मग अँड्रॉइडचं मॉड्यूल. सगळं मिळून डिस्कवर दहा जीबी सहज जातात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हे डाउनलोड करणं म्हणजे आठवडाभराचं काम. ४ जीबी रॅमवर प्रोजेक्ट उघडायला दिला की चहा पिऊन येता येतो, आणि आल्यावरही तो उघडलेला असेलच असं नाही.

जीडेव्हलपला तेवढंही लागत नाही. ते ब्राउझरमध्ये उघडतं, कॉम्प्युटरवर वेगळं टाकता येतं आणि मोबाईलवर त्याचं ॲप आहे. घरात लॅपटॉपच नसेल तर निवड इथेच संपली, जीडेव्हलप घ्या. मोबाईलवर गोडोचाही एडिटर मिळतो, पण सहा इंचाच्या काचेवर कोड टाइप करायचा म्हणजे डोळ्यांची आणि बोटांची परीक्षा.

आता शिकण्याचं. समजा शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवर, साधा गेम करायचा आहे: बैलजोडी धावते, मध्ये अडथळे येतात, बोट टेकवलं की जोडी उडी मारते. (खऱ्या शंकरपटात बैल उड्या मारत नाहीत, ठाऊक आहे.) जीडेव्हलपमध्ये डावीकडे अट लिहायची, उजवीकडे कृती. अट: जोडी अडथळ्याला धडकली. कृती: गेम थांबव, वेळ दाखव. सगळं यादीतून निवडायचं असतं, कोड नाही. तान्ह्या पोळ्याच्या वयाचं पोरगंसुद्धा थोड्या मदतीने हे करू शकतं. अडचण पुढे येते. अटी शंभराच्या वर गेल्या की कुठली अट कशाला लावली होती ते शोधण्यातच वेळ जातो.

गोडोमध्ये प्रत्येक गोष्ट नोड, म्हणजे गेमचा एक सुटा भाग, असते. जोडीसाठी एक नोड, त्याच्या पोटात चित्राचा नोड, शेजारी टकरीच्या आकाराचा. आकाराचा नोड विसरलात तर यादीत पिवळा त्रिकोण दिसतो आणि काय राहिलं ते सांगतो. कोड जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या स्वतःच्या भाषेत लिहायचा. ज्याने कॉलेजात थोडं पायथन केलंय त्याला ती ओळखीची वाटेल. सी-शार्प भाषेवाली गोडोची आवृत्ती वेगळी असते आणि तिच्यासाठी डॉट नेट नावाचं सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका. मला सगळ्यात भावते ती एफ-वन कळ. ती दाबली की प्रत्येक नोडची माहिती एडिटरमध्येच उघडते, नेट नसलं तरी. रेंज गेलेल्या गावात याची किंमत कळते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर लाईन जाण्याआधी कंट्रोल-एस दाबत राहणं मात्र तुमच्याच हातात.

युनिटीत सी-शार्प शिकावी लागते. भाषा चांगली आहे, पुढे इतरत्रही कामी येते आणि हिंदीत शिकवणारे व्हिडिओ मुबलक आहेत. या एका बाबतीत बाकीचे दोघं तिच्या जवळपास नाहीत.

तक्त्यांत कधीच न येणारी एक गोष्ट म्हणजे मराठी अक्षरं. गेममध्ये ‘धुरकरी जिंकला’ (धुरकरी म्हणजे बैलजोडी हाकणारा) असं लिहा आणि बघा. गोडो ३ मध्ये हे नीट दिसायचं नाही. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये ते नीट दिसतं. जोडाक्षरं जुळतात, वेलांटी जागेवर बसते. मात्र गेम वेबसाठी काढताना (एक्सपोर्ट करताना) देवनागरी फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्ये टाकावीच लागते. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा फॉन्ट टाका, दोन्ही फुकट आहेत. नाहीतर लॅपटॉपवर नीट दिसणारं वाक्य ब्राउझरमध्ये चौकोन होऊन जातं. जीडेव्हलप अक्षरं ब्राउझरकडूनच रेखाटून घेतं, त्यामुळे तिथे साधा मजकूर आपोआप बरोबर येतो. युनिटीत मजकूर दाखवायला सगळे जण टेक्स्टमेशप्रो हा तिचा भाग वापरायला शिकवतात आणि तिथे मराठीची दैना होते: ‘जिंकला’मधली वेलांटी ‘ज’च्या उजवीकडे सरकते, जोडाक्षरांत हलन्त लटकतो. यूआय टूलकिट या युनिटीच्याच दुसऱ्या भागात त्यांनी नवी सोय आणली आहे, पण व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला ती सहसा सापडत नाही. झेडपीच्या शाळेसाठी मराठी खेळ करायचा असेल तर एवढ्या एका कारणावर मी युनिटी नाकारीन.

एकदा बनवलं की सगळीकडे चालतं, असं तिघंही म्हणतात. बरंचसं खरं आहे, पण फुकटात नाही. लॅपटॉपच्या १६:९ पडद्यावर बसवलेला खेळ लांबोळक्या मोबाईलवर काळ्या पट्ट्यांत अडकतो किंवा कोपऱ्यात बसतो. स्ट्रेचची (पडद्याच्या मापाप्रमाणे खेळ ताणायची) सेटिंग पहिल्याच दिवशी लावा आणि कळफलकाबरोबर स्पर्शही पहिल्याच दिवशी जोडा.

गोडोमधून अँड्रॉइडचा गेम काढायला एक्सपोर्ट टेम्प्लेट (गेमची फाइल बनवायचे तयार साचे) लागतात, ते एक जीबीच्या आसपास आहेत. शिवाय जेडीके १७ (जावाची साधनं) आणि अँड्रॉइड एसडीके (अँड्रॉइडची साधनं). तालुक्याला कोणाच्या वायफायवर एकदा हे उरकून घ्या. त्यानंतर सगळं तुमच्याच लॅपटॉपवर होतं. मोबाईल केबलने जोडून यूएसबी डिबगिंग चालू केलं की एका बटणात गेम मोबाईलवर. जीडेव्हलप अँड्रॉइडची फाइल त्यांच्या सर्व्हरवर बनवून देतं. सोपं आहे, पण नेट हवं, आणि फुकट खात्यावर अशा फाइली बनवण्याला मर्यादा आहे.

वेबवर मात्र जीडेव्हलप पुढे आहे. गोडोचा गेम उघडताना ब्राउझरला आधी इंजिनच काही एमबी डाउनलोड करावं लागतं, मग खेळ. गावातल्या ग्रुपवर लिंक टाकली आणि रेंज एका कांडीची असली, तर लोक तोवर पुढच्या मेसेजवर जातात.

पैशांचं थोडक्यात. गोडो आणि जीडेव्हलप एमआयटी परवान्याखाली (कोणीही फुकट वापरावं, बदलावं असा परवाना) खुले आहेत. युनिटी वर्षाला २ लाख डॉलरच्या कमाईपर्यंत फुकट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी गेमच्या इन्स्टॉलवर फी लावायचं जाहीर केलं, जगभरातून ओरड झाली आणि वर्षभराने ती रद्द केली. आपल्याला ती फी लागलीच नसती, पण नियम असे मध्येच बदलू शकतात एवढं त्यातून दिसलं.

माझं मत: लॅपटॉप असेल तर गोडो. फक्त मोबाईल असेल किंवा शिकणारं पोरगं लहान असेल तर जीडेव्हलप. पुण्या-बंगळुरूकडे मोबाईल गेमच्या कंपनीत नोकरी करायची हे ठरलेलंच असेल तर युनिटी, कारण जाहिरातींत नाव तिचंच जास्त दिसतं. पण आधी रॅम वाढवा.

आयफोनचं मनातून काढून टाका. त्याला मॅक लागतो आणि ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर. गूगल प्लेचे २५ डॉलर एकदाच भरायचे, पण खातं काढणाऱ्याचं वय १८ पूर्ण हवं. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे १२ जीमेल आयडी गेम पूर्ण व्हायच्या आधीपासूनच गोळा करायला लागा. गावात मोबाईल सगळ्यांकडे आहेत, पण आपला जीमेल कोणता हे विचारलं की निम्मे जण मोबाईलच तुमच्या हातात देतात.