सोलापुरातल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत चौदा महिने: आमचा अनुभव

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघं साखर पेठेतलं घर सोडून शहराबाहेरच्या एका सिनियर लिव्हिंगमध्ये राहायला आलो. हे रेल्वेतून निवृत्त, वय ७७. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, आता ७१. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. येण्याआधी मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणी रंगीत माहितीपत्रक पुढे केलं, कुणी "म्हणजे आश्रमच ना?" म्हणून गप्प झालं. प्रत्यक्ष राहिलेलं माणूस एकही भेटलं नाही. आता मी स्वतः सांगू शकते, म्हणून लिहिते. वसाहतीचं नाव देत नाही. खाली ज्या तक्रारी आहेत त्या मी तिथल्या ऑफिसात बसून आधीच सांगितलेल्या आहेत.

आम्ही आलो ते पाण्यामुळे. सोलापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येणार, तोही रात्री दोनला नाहीतर पहाटे चारला. समोरच्या पद्मशाली अक्का दार वाजवायच्या, "पाणी आलं ओ!" की उठायचं, मोटर लावायची, पिंपं भरायची, गच्चीवर जाऊन टाकी बघायची. पस्तीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये हे ओल्या जिन्यावरून घसरले, मनगट मोडलं. तरी दुसऱ्या हाताने बादली उचलायला निघाले होते. त्या रात्री मी ठरवलं की आता इथे राहायचं नाही.

मुलगा म्हणाला, पुण्याला या. त्याच्याकडे दोन महिने राहून आलो होतो. सून-मुलगा दोघंही प्रेमाने वागतात, पण सकाळी साडेआठला दार बंद होतं ते रात्री आठलाच उघडतं. नवव्या मजल्यावरून रस्ता बघत बसायचं. ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. इथे निदान मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही भाषा कानावर पडतात, जशा गल्लीत पडायच्या. तेव्हा "पोरानं बाहेर ठेवलं" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना माझं एकच सांगणं आहे, हा निर्णय माझा होता.

आधी पैशाचं बोलते, कारण सगळे तेच विचारतात आणि ऑफिसात सांगतात तो आकडा पुरा नसतो. आमची परताव्याची ठेव १० लाख, त्यातून दर वर्षी ३ टक्के कापले जातात. दोघांचे महिन्याला जेवणासह ३४,००० रुपये. वीज, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. आता ठेवीचा हिशेब करा. आम्ही आलो तेव्हा पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला ८.२ टक्के व्याज होतं, म्हणजे १० लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये. ते गेलं. महिन्याला सुमारे ६,८०० रुपये हा छुपा खर्च धरलात तर खरा आकडा ४० हजारांच्या वर जातो. शिवाय या एप्रिलपासून ८ टक्के वाढ केली. करारात "वाजवी वाढ" एवढंच होतं, आकडा नव्हता. आकडा लिहून घ्यायला हवा होता, ती चूक आमची. दोघांना पेन्शन आहे आणि महागाईभत्ता वाढतो म्हणून जमतं. एकाच पेन्शनवर असणाऱ्याने नीट विचार करावा. विशेषतः दोघांतलं एक गेल्यावर मागे राहणाऱ्याला कुटुंब निवृत्तिवेतनात एकट्याचा दर झेपेल का, हे आजच मांडून बघावं. हा विषय बोलायला जड जातो. आम्हीही तो मुलीसमोर बसून एकदाच बोललो, पण बोललो.

इमारत चांगली आहे. लिफ्ट आहे, कठडे आहेत, चोवीस तास पाणी आहे. पहिल्या आठवड्यात मी नळ सोडून नुसती बघत उभी राहायचे. पण दोन गोष्टी आम्ही बघितल्याच नाहीत. पहिली म्हणजे संडास-बाथरूमचं दार. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये निकष घातले, त्यांत दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद असावीत असं आहे. आमची इमारत त्याआधीची. टेप लावला तर मुख्य दार बरोबर आणि बाथरूमचं ७०० भरलं. दार उघडल्यावर मोकळी जागा त्याहून कमी. उद्या व्हीलचेअर लागली तर ती आत जाणार नाही. आम्ही हिंडते-फिरते आलो, म्हणून हे सुचलं नाही. फ्लॅट बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि बाथरूमपासून सुरुवात करा.

दुसरी गोष्ट ऊन. फेब्रुवारीत वरचा मजला छान वाटला, वारा, मोकळं आकाश. मे महिन्यात पारा ४३ वर गेला तेव्हा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेली. जनरेटरवर लिफ्ट, पॅसेजचे दिवे, घरात एक पंखा आणि एक दिवा चालतो, एसी चालत नाही. दुपारी दोन तास वीज गेली की आम्ही खालच्या हॉलमध्ये जाऊन बसायचो. सोलापुरात असं घर घ्यायचं तर बघायला मे महिन्यातच जावं. आम्ही खालचा मजला मागितला आहे, यादीत तिसरे आहोत.

जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्याच्यापायी एक रात्र आमच्यावर बाका प्रसंग आला.

स्वयंपाकाचं कंत्राट बाहेरच्या माणसाकडे होतं. दोन्ही वेळा पोळी, पनीर, पातळ डाळ. इथली निम्मी माणसं जन्मभर ज्वारीवर वाढलेली. मालदांडीची भाकरी, शेंगाची चटणी, वर कांदा, एवढं मिळालं तरी ज्याचं पोट भरतं त्याला पनीर घालून काय उपयोग? पण साठ माणसांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे हात लागतात, आणि कंत्राटदाराला ते परवडत नव्हतं. त्याने मशीनवरची भाकरी आणली, ती गार झाली की चामड्यासारखी व्हायची. शेवटी जवळच्या गावातल्या दोन बायका संध्याकाळी येऊन थापू लागल्या, आणि सकाळच्या नाश्त्याला डब्यात कडक भाकरी ठेवायची पद्धत सुरू झाली. दुधात नाहीतर आमटीत कुस्करून खाल्ली की दात नसलेल्यालाही जाते. हे व्हायला पाच महिने लागले.

वेळेचा प्रश्न मात्र कुणाच्या लक्षात आला नव्हता. रात्रीचं जेवण सातला, नाश्ता सकाळी आठला. स्वयंपाकघर लवकर आवरावं ही त्यांची सोय. ह्यांना पंचवीस वर्षं मधुमेह आहे, साखर खाली आणणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. घरी असताना आम्ही नऊला जेवायचो. इथे तेरा तासांचा खाडा पडायला लागला. ऑक्टोबरमधली रात्र, अडीच वाजले होते. मला जाग आली ती त्यांच्या कण्हण्याने. अंग घामाने थबथबलेलं, बोलणं अडखळतंय, मला ओळखल्यासारखं करत नव्हते. मी पलंगाजवळची दोरी ओढली. चार मिनिटांत नर्स वर आली. साखर ४८. गिळता येतंय याची खात्री करून तिने ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ७६ झाली, मग दूध आणि दोन बिस्किटं. पहाटेपर्यंत खुर्ची टाकून बसून राहिली. साखर पेठेत मी अक्कांना हाक मारली असती, त्या धावत आल्याही असत्या, पण आम्हा दोघींना अर्धांगवायूच वाटला असता आणि रिक्षा शोधण्यात वेळ गेला असता. त्या एका रात्रीसाठी मी या जागेचे उपकार मानते.

डॉक्टरांनी गोळी बदलली. मी मॅनेजरकडे जाऊन वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. इथे मधुमेह असलेले एकवीस जण आहेत. आता रात्री दहाला दूध किंवा ताक आणि थोडं काही खायला खोलीवर येतं.

पण हेही लिहायला हवं. मार्चमध्ये दोन नर्स सोडून गेल्या आणि तीन आठवडे रात्रपाळीला एक मदतनीस मुलगा होता. मुलगा गुणी, पण त्याला ग्लुकोमीटर लावता येत नव्हता. ऑफिसने आम्हाला कळवलं नाही, मीच एका रात्री खाली गेले तेव्हा समजलं. पूर्ण शुल्क त्या महिन्यातही घेतलं. चोवीस तास नर्स म्हणतात तेव्हा नर्स किती आहेत, रजेवर गेली तर कोण, हे विचारा. ह्यांना रेल्वेच्या हॉस्पिटलचं कार्ड आहे, ते हॉस्पिटल मात्र शहरात आहे आणि इथून रिक्षा परत यायला तयार नसते. दिवसा आम्ही एसटीने जातो. ७५ च्या पुढचे म्हणून ह्यांना तिकीट नाही, मला अर्धं. थांबा फाटकापासून सहाशे मीटरवर आहे, आज चालवतं.

माणसांचं काय, असं मुलगी फोनवर सारखी विचारते. पहिला महिना मला झोप लागत नव्हती, कारण मागांचा आवाज नव्हता. पूर्व भागात यंत्रमाग रात्रभर चालतात, त्या खडखडाटात मी पस्तीस वर्षं झोपले. इथली शांतता अंगावर यायची. हळूहळू सकाळच्या चहाला पाच-सहा जणींचं कोंडाळं जमलं. एक कानडी शिक्षिका आहेत, त्यांच्याकडून मी हुग्गी शिकले, त्यांना मी शेंगापोळी दिली. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, जायचं म्हटल्यावर ऑफिसने गर्दीचं कारण सांगून बस नाकारली. ६८ लिंगांची प्रदक्षिणा आम्हाला झेपणार नव्हतीच, पण नंदीध्वज बघितल्याशिवाय आणि अक्षता टाकल्याशिवाय संक्रांत कशी जाईल? आम्ही सहा जणींनी गाडी ठरवली, अक्कांच्या पुतणीकडे उतरलो आणि बघून आलो. पुढच्या वेळी आधीच लेखी मागणी देणार आहोत.

चौदा महिन्यांत इथली चार माणसं गेली. पहिल्या वेळी आम्हाला सकाळी चहाला रिकामी खुर्ची दिसली तेव्हा कळलं. रात्री मागच्या फाटकातून रुग्णवाहिका नेली होती, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. मला तो दिवस फार लागला. गल्लीत कुणी गेलं तर चूल पेटायची नाही, आम्ही दारापर्यंत तरी पोचवायला जायचो. इथे शेजारचं माणूस गेलं आणि आम्ही झोपलेलो. सगळ्यांनी मिळून सांगितलं, आम्ही लहान मुलं नाही, आम्हाला कळवा. आता अर्धा तास पोर्चमध्ये ठेवतात. ज्यांना यायचं ते येतात, फूल वाहतात. त्याने कुणाची तब्येत बिघडली नाही.

आता या जागेचा सगळ्यात मोठा दोष. करारात अकराव्या पानावर एक ओळ आहे: "रहिवासी स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करण्यास सक्षम असेपर्यंत." सही करताना आम्ही ती वाचली आणि पुढे गेलो. शेजारच्या मावशी, वय ७९, एकट्या. डिसेंबरमध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, वॉकर घेऊन परत आल्या. आठवड्याने पत्र आलं: चोवीस तासांची मदतनीस स्वतःच्या खर्चाने ठेवा, नाहीतर ६० दिवसांत जागा सोडा. मदतनीसाचे महिन्याला २२,०००, वर तिच्या जेवणाचे ४,०००. मावशींकडून ते होणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारीत भाचा येऊन घेऊन गेला. ठेव अजून मिळालेली नाही, कारण "पुढचा रहिवासी आल्यावर" असं करारात आहे. जी वेळ येईल म्हणून माणूस इथे येतो, नेमकी ती वेळ आली की दार बंद. बाकी सगळं मी सहन करीन, हे मला पटत नाही.

तरी पुन्हा निर्णय घ्यायचा झाला तर मी येईन. दोघंही चालते-फिरते असताना आलो हे बरं झालं, ओळखी करायला, भांडायला अंगात जोर हवा. घर विकलं नाही, हेही बरं झालं. मागच्या दोन खोल्या साडेसहा हजारांनी भाड्याने दिल्या, पुढची खोली आमची. मुलाने विकायचा आग्रह केला नाही, मीही त्याच्या नावावर केलं नाही. कुणी करणारच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दाद मागताना ती अट उपयोगी पडते.

त्या अकराव्या पानाबद्दल आम्ही अठ्ठावीस जणांनी सह्या करून पत्र दिलं आहे. तळमजल्यावरच्या चार रिकाम्या फ्लॅटांत अंथरुणाला खिळलेल्यांची सोय करावी, तीन जणांत एक मदतनीस वाटून घ्यावी, दारं रुंद करावीत, आणि ठेव ९० दिवसांत परत द्यावी, मग पुढचा रहिवासी येवो न येवो. खर्चाचा अंदाज ह्यांनी रात्री बसून काढला, कागदावर रेघा मारून, जसा ते नोकरीत काढायचे. कंपनीने १५ मेपर्यंत उत्तर देतो म्हटलं आहे. आलं की ते इथे जोडीन.