माणग्याच्या काठ्या: मे ते जानेवारीचा अनुभव

वळवाच्या आधी झाडांना आधार द्यायला घेतलेल्या माणग्याच्या (बांबूच्या) बहुतेक काठ्या अजून ठणठणीत आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. बाग पुण्यात, गच्चीवर, पश्चिमेकडून पूर्ण मोकळी. जून ते ऑगस्ट वारा उसंत देत नाही. पावसाळ्यात या काठ्या टोमॅटोला होत्या, आता डेलियाला आहेत.

माणगा हा सिंधुदुर्गातला बिनकाट्यांचा, बुडाकडे जवळजवळ भरीव असणारा बांबू. पोकळ काठी जोराच्या वाऱ्यात कुंडीच्या काठाशी चिरते, तिथूनच वाकते. माणगा लवतो आणि परत सरळ होतो. शेजारी प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या लोखंडी नळ्याही लावून पाहिल्या. गुळगुळीत असल्यामुळे सुतळी खाली घसरते आणि सगळा भार एकाच गाठीवर येतो. बांबूच्या पेरावर (फुगीर सांध्यावर) गाठ अडकून राहते, हा फरक मला सगळ्यात मोठा वाटला.

काठी कितीही चांगली असली तरी बांधणं चुकलं की खोड कापलं जातं. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या वापरतो. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा घ्यायचा, पीळ खोड आणि काठीच्या मधे येऊ द्यायचा आणि गाठ काठीकडे मारायची. करंगळी जाईल एवढी ढील हवीच, कारण थोडं हललेलं खोडच जाड होतं. डेलियाचं खोड पोकळ असतं. दव पडून फूल जड झालं की ते कळीच्या खालीच मोडतं, म्हणून तिथे वरून एक जास्तीची पट्टी. कंद लावत असाल तर काठी आधी रोवा, नंतर खुपसली तर कंदात घुसते.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या हलक्या कुंडीत एकटी काठी टिकत नाही. तीन काठ्या तिरक्या रोवून शेंडे एकत्र बांधले आणि एक दोरी कठड्याला नेली, तेव्हा कुंड्या आडव्या पडणं थांबलं.

तक्रार एकच: काही काठ्यांना भुंगेरा लागला. बुडाशी पिठासारखा भुगा दिसला की समजायचं. बांबूतल्या पिष्टासाठी तो येतो, त्यामुळे घेताना काठ्या पाण्यात मुरवलेल्या किंवा बोरॅक्स-बोरिक ॲसिडची कीडरोधक प्रक्रिया केलेल्या आहेत का, हे विचारूनच घ्या. वरचं टोक पेराच्या लगेच वर कापलेलं असावं, नाहीतर पोकळीत पाणी साचून काठी वरून कुजते. पुढच्या मे महिन्यात पुन्हा माणगाच घेणार, पण प्रक्रिया केलेला.