हरिकेनचं मॉडेल: 1/72 घ्यावं की 1/48?

हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 40 फूट, म्हणजे 12.19 मीटर. 1/72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलमध्ये, त्याचे जेमतेम 17 सेंटीमीटर होतात, वीतभरही नाही. 1/48 मध्ये बरोबर 10 इंच, वीतभराहून थोडे जास्त. फरक दीडपटीचा वाटतो, पण रंग लावायला बसलं की कळतं, पृष्ठभाग सव्वादोन पट झालेला असतो. पहिलंच किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, घेताना लोक इथेच अडतात आणि बहुतेक वेळा खोक्याचा आकार बघून ठरवतात. मी दोन्ही मापांत हरिकेन बनवलं आहे. माझ्या मते ठरवायची गोष्ट वेगळी आहे: तुम्हाला विमानात बदल करायचे आहेत ते बाहेरून की आतून?

आधी माप डोळ्यांसमोर आणू. 1/72 म्हणजे 6 फुटांचा 1 इंच. सहा फुटी वैमानिक एका इंचाचा होतो. 1/48 म्हणजे 4 फुटांचा 1 इंच, तिथे तोच माणूस दीड इंचाचा. त्याच्या सीटचा दोन इंच रुंद पट्टा बहात्तरमध्ये 0.7 मिलिमीटर उरतो, अठ्ठेचाळीसमध्ये 1 मिलिमीटरच्या जरा वर. एवढ्याशा फरकावर पुष्कळ काही ठरतं, कारण एक मिलिमीटरचा पट्टा आपण कागदाचा कापून रंगवू शकतो आणि 0.7 चा पट्टा चिमट्यात धरतानाच वळतो.

उदाहरणासाठी मी एकच विमान धरतो, कारण ते मला जवळचं आहे: 1944 साली इंफाळला लढलेलं भारतीय वायुदलाच्या 1 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं हरिकेन. स्क्वाड्रनचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, जे पुढे वायुदलाचे मार्शल झाले. शत्रूच्या हालचाली टिपणं, डोंगरातल्या वाटांवर नजर ठेवणं हे या विमानांचं मुख्य काम. हरिकेनची बहुतेक किटं युरोपातल्या खुणा घेऊन येतात. त्यामुळे आपलं विमान करायचं तर काही ना काही बदलावंच लागतं.

बाहेरचे बदल

सर्वांत मोठा बदल खुणांचा. पूर्वेच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या गोल खुणेतला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा आणि घाईत आपल्याच विमानावर गोळ्या सुटण्याची भीती होती. उरली ती गडद निळ्यात फिकट निळी अशी दुरंगी खूण. शेपटीवरच्या पट्ट्यातूनही लाल गेला. अनेक विमानांवर या खुणा फक्त 16 इंच व्यासाच्या होत्या, म्हणजे बहात्तरमध्ये साडेपाच मिलिमीटर आणि अठ्ठेचाळीसमध्ये साडेआठ.

हे गोल दोन प्रकारे करता येतात. वेगळी डिकल शीट (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांचा कागद) घ्यायची किंवा वर्तुळ कापणाऱ्या कटरने मास्किंग टेपचा साचा करून रंगवायचे. साच्याने रंगवलेली खूण खरंच रंगवल्यासारखी दिसते, म्हणून मला ती आवडते. पण साडेपाच मिलिमीटरच्या वर्तुळात आणखी एक वर्तुळ कापणं मला आजवर सुबक जमलेलं नाही. बहात्तरमध्ये डिकलच घ्या. अठ्ठेचाळीसमध्ये साचा जरूर करून बघा.

डिकलबद्दल एक गोष्ट जवळून सांगतो. मॅट रंगावर डिकल थेट बसवलं की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि तिरक्या उजेडात चंदेरी चकाकी दिसते. म्हणून आधी चकचकीत क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर. मग डिकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट, कागदावरून सरकवून जागेवर आणि वरून सॉफ्टनरचा, म्हणजे डिकल मऊ करणाऱ्या द्रवाचा, एक थेंब. थेंब पडला की डिकल सुरकुततं. त्या क्षणी हात लावायचा मोह होतो, तो आवरायचा. काही मिनिटांत ते आपोआप सपाट होतं आणि पृष्ठभागावर कोरलेल्या पत्र्यांच्या जोडरेषांत उतरतं. हात लावलात तर फाटतं.

रंगात मात्र बहात्तरची बाजू भक्कम आहे, विशेषतः तुमच्याकडे एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारं साधन) नसेल तर. वर डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे. खऱ्या विमानावर दोन रंगांची सीमा एखाद-दोन इंचांत एकमेकांत मिसळलेली असते. बहात्तरमध्ये ते एक इंच म्हणजे 0.35 मिलिमीटर, त्यामुळे ब्रशने ओढलेली स्वच्छ कडाही खोटी वाटत नाही. अठ्ठेचाळीसमध्ये तीच कडा कापल्यासारखी दिसते आणि पंखाच्या मोठ्या पृष्ठभागावर ब्रशचे फराटे उठून दिसतात. ॲक्रिलिक पातळ करून तीन-चार हात दिले तर अठ्ठेचाळीसही ब्रशने नीट होतं, पण प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायची सबुरी हवी. रंग बाटलीतला तसाच न वापरता थोडा पांढरा मिसळून फिका करा. छोट्या मॉडेलवर मूळ छटा प्रत्यक्षाहून काळपट दिसते आणि बहात्तरमध्ये ते जास्त जाणवतं.

आकारातला एक बदल राहिला. या भागातल्या हरिकेनला नाकाखाली व्होक्स फिल्टर असतो, हनुवटीसारखा फुगवटा, धुळीपासून इंजिन वाचवण्यासाठी. किटमध्ये तो आहे की नाही, हे घेण्याआधी स्प्रूच्या, म्हणजे सुटे भाग जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीच्या, फोटोत बघा. नसला तर दोन भागांची एपॉक्सी पुट्टी मळून घडवता येतो. आकार गुळगुळीत असल्याने हे काम दोन्ही मापांत सारखंच सोपं आहे.

आतले बदल

इथे मी सरळ अठ्ठेचाळीसच्या बाजूने आहे. हरिकेनचं कॉकपिट म्हणजे नळ्यांचा सांगाडा. त्याला नेहमीसारखी सलग जमीनच नाही. वैमानिकाच्या पायांखाली दोन पट्ट्या आणि त्यांच्याखाली उघडी पोकळी. अठ्ठेचाळीसच्या चांगल्या किटमध्ये या नळ्या वेगळ्या भागांत येतात. त्यांच्यामधून तांब्याची बारीक तार नेली, सीटला पट्टे लावले, वैमानिकासमोरच्या पॅनेलवरच्या घड्याळांवर चकचकीत क्लिअरचा एकेक ठिपका ठेवला की कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, उघडी ठेवावीशी वाटते. बहात्तरमध्ये एवढंच काम केलं तर ते दिसतं फक्त तुम्हाला, तेही विमानाच्या धडाचे दोन अर्ध जोडायच्या आधी.

फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या पातळ धातूच्या पत्र्याचे) आणि रेझिनचे (साच्यात ओतलेल्या कडक राळेचे) तयार भाग दोन्ही मापांत मिळतात. त्यांना प्लास्टिकचं सिमेंट, म्हणजे किट जोडायचा नेहमीचा गोंद, चालत नाही, कारण ते किटचं प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) विरघळवून सांधतं. धातूला आणि रेझिनला सुपरग्लूच लागतो. रेझिन घासायचं ते पाण्यात भिजवून आणि तोंडाला मास्क लावून. ती धूळ फुप्फुसांत जाता कामा नये, याबाबतीत हयगय नको.

सुपरग्लूची एक आठवण अजून सलते. माझ्या पहिल्या अठ्ठेचाळीसच्या हरिकेनमध्ये आरशाचा फोटो-एच भाग सुपरग्लूने लावला आणि लगेच कॅनॉपी बसवली. सकाळी पाहिलं तर काच आतून धुरकट पांढरी. सुपरग्लूची वाफ पारदर्शक भागावर बसते आणि सहज निघत नाही. तीन आठवड्यांचं कॉकपिट त्या धुक्यामागे गेलं. तेव्हापासून पारदर्शक भागांना फक्त पांढरा पीव्हीए गोंद.

कॅनॉपीचं आणखी एक. हरिकेनच्या सरकत्या कॅनॉपीवर चौकटींची जाळी आहे, स्पिटफायरपेक्षा कितीतरी जास्त. बहात्तरमध्ये चौकटीची एकेक पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. हाताने मास्क (रंगवताना काच झाकायचे चिकट तुकडे) कापत बसू नका, त्या किटसाठी कापलेले तयार मास्क घ्या. अठ्ठेचाळीसमध्ये टेप आणि नवी ब्लेड पुरते.

सांधा

हरिकेनमध्ये दोन्ही मापांना सारखीच छळणारी जागा म्हणजे पाठ. कॉकपिटमागचं धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं होतं. मॉडेलवर त्या पट्ट्यांचे उंचवटे शेपटीपर्यंत जातात आणि धडाचे दोन अर्ध नेमके त्यांच्यामध्ये जुळतात. पुट्टी भरून सँडपेपर फिरवला की सांधा जातो आणि शेजारचे उंचवटेही जातात. म्हणून आधी कोरडी जुळवणी, पुन्हा पुन्हा. मग पातळ सिमेंट ब्रशच्या टोकाने सांध्याला टेकवायचं. ते फटीत आपोआप ओढलं जातं. दोन्ही अर्ध हलके दाबले की वितळलेल्या प्लास्टिकची एक बारीक कड वर येते. ती दोन दिवस कडक होऊ द्यायची आणि नंतर ब्लेडच्या धारेने, आडवी धरून, खरवडायची. पुट्टीची गरजच पडत नाही. अठ्ठेचाळीसमध्ये उंचवट्यांच्या मधे ब्लेड फिरवायला जागा मिळते, बहात्तरमध्ये श्वास रोखून काम करावं लागतं.

मग घ्यायचं कोणतं? एअरब्रश नसेल, एकाच आघाडीची चार-पाच विमानं शेजारी शेजारी मांडायची हौस असेल, आणि रंग-खुणांत रस असेल तर बहात्तर. एक विमान घेऊन दोन-तीन महिने त्याच्या पोटात शिरायचं असेल, किंवा बारीक भाग धरताना डोळ्यांना ताण पडत असेल, तर अठ्ठेचाळीस. मोठं किट म्हणजे अवघड, हा समज चुकीचा आहे. भाग जास्त असतात, पण हाताला लागतात. आर्मा हॉबी या पोलिश कंपनीने हरिकेनची मार्क 2सी ही आवृत्ती दोन्ही मापांत काढली आहे, त्यामुळे तेच विमान निवडून फक्त माप ठरवायची सोय आहे. मार्क 2सी म्हणजे पंखांतून चार 20 मिलिमीटर तोफांच्या नळ्या पुढे आलेल्या. मार्क 2बीला त्या जागी बारा मशीनगन. तुमच्याकडच्या फोटोतल्या विमानाचे पंख आधी नीट बघा, कारण एकदा चुकीचा मार्क घरी आला की पंख बदलणं हे पहिल्या मॉडेलवर करायचं काम नव्हे.

तरीही ठरत नसेल, तर बहात्तरचं एक किट घ्या आणि बदल दोनच करा: खुणा आणि व्होक्स फिल्टर. कॉकपिटला खोक्यात जे आलं तेवढंच लावा. ते पूर्ण करताना हात कुठे रेंगाळला ते लक्षात ठेवा. रंगाची सीमा ओढताना रमलात तर दुसरंही बहात्तरच घ्या. धड बंद करताना आतल्या नळ्या झाकल्या गेल्याचं वाईट वाटलं, तर पुढचं किट अठ्ठेचाळीसचं.