पिकअपला पिकअप आला का? फोर्ड ३०० वरच्या फोर बॅरल किटचा रिव्ह्यू

गाडी ७९ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, इंजिन ३०० क्युबिक इंचाचं सरळ सहा सिलिंडरवालं, म्हणजे ४.९ लिटर, वर कंपनीचा एक बॅरलचा, म्हणजे हवा जायला एकच नळी असलेला, कार्ब्युरेटर (कार्ब). फोर्डनं हे इंजिन १९६५ पासून पार १९९६ पर्यंत बनवलं ते उगाच नाही, सात मेन बेअरिंग, टायमिंगला चेन नाही बेल्ट नाही, सरळ गिअरला गिअर, मरायचं नावच घेत नाही. पण मागं ट्रेलर लावून चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत जायचं आणि मागच्यांचे हॉर्न ऐकायचे. पिकअप म्हणायची आणि पिकअपच नाही.

तर घेतलेलं किट असं: अॅल्युमिनियमचं फोर बॅरल इनटेक (कार्बमधून हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा मॅनिफोल्ड), त्यावर ३९० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा सोडणारा, व्हॅक्युम सेकंडरीवाला कार्ब (यातले दोन बॅरल गरज पडली की व्हॅक्युमनं आपोआप उघडतात). एक्झॉस्ट मात्र किटमधला नाही, त्याचं पुढे सांगतो. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण थोडी तक्रार पण आहे.

सगळे विचारतात ३९० का, ६०० का नाही. अहो हिशोब करा ना, ३०० क्युबिक इंच गुणिले ४००० आरपीएम भागिले ३४५६ (घनइंचाचे घनफूट करायला १७२८, आणि इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं म्हणून दुप्पट), येतात साधारण ३४७, आणि हे इंजिन काही पूर्ण छाती भरून श्वास घेत नाही, ८० टक्के धरा, म्हणजे २८० च्या आसपास सीएफएम झाले. ४००० च्या वर ते तसंही खुशीत फिरत नाही. मग ६०० चा कार्ब लावून हवेचा वेग मारायचा, खालचा टॉर्क घालवायचा आणि वर अॅव्हरेजच्या नावानं रडायचं, कशाला? आणखी एक गोम आहे, एक आणि दोन बॅरलचे कार्ब ३ इंच पाऱ्याच्या व्हॅक्युमवर मोजतात आणि फोर बॅरल दीड इंचावर, त्यामुळे ५०० चा टू बॅरल बघून ३९० ला कमी समजू नका, त्या ५०० चे फोर बॅरलच्या मापात ३५० च्या आसपासच होतात.

आता खरी मजा फिटिंगची. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला, आणि त्यातले बरेच बोल्ट दोघांना मिळून धरतात, एकच वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लँजवर (बोल्टनं आवळायची कड) अर्धा एक्झॉस्टच्या. दोन्ही फ्लँजची जाडी एकसारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, एक बाजू घट्ट आणि दुसरी नुसती टेकलेली. माझं तेच झालं. किटवाल्याच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नव्हतं! आयडलला गाडी नाचायची, मी आपला कार्बचे स्क्रू फिरवत दोन संध्याकाळी घालवल्या, शेवटी थंड इंजिन चालू करून जॉइंटवर थोडा थोडा कार्ब क्लीनर मारला तर पाचव्या सिलिंडरजवळ आरपीएम एकदम चढला, म्हणजे तिथून हवा ओढत होतं. सगळं उघडलं, पातळ फ्लँजच्या बाजूला वॉशरखाली शिम (पत्र्याचे पातळ तुकडे) घातले, नवीन गॅसकेट टाकलं तेव्हा कुठं शांत झालं. एक स्टार इथंच कापला.

एक्झॉस्टसाठी चकचकीत हेडर (पातळ पाइपांचा मॅनिफोल्ड) घेऊ नका असं मी म्हणेन, निदान कामाच्या गाडीला तरी. ८७ पासून पुढच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या ३०० ला ओतीव लोखंडाचे दोन वेगळे मॅनिफोल्ड येतात, पुढच्या तिघांचा एक आणि मागच्या तिघांचा एक, भंगार यार्डात सापडतात, आणि जुन्या हेडवर बसतात. खालून वाय पाइप तेवढा बनवून घ्यावा लागतो. आवाज बोंबलत नाही, पातळ पाइपासारखे गंजून फाटत नाहीत. माझ्या मते अर्धा फरक यांचाच आहे.

पण एक घोळ होतो, जुना एक्झॉस्ट इनटेकच्या पोटाला चिकटून त्याला गरम ठेवायचा, तो गेला की इनटेक थंडगार, पेट्रोल वाफ व्हायच्या ऐवजी तळाला साचतं आणि गाडी खोकत बसते, चांगली दहा-पंधरा मिनिटं. म्हणून इनटेकखाली पाण्याची प्लेट लावून हीटरच्या होजमधून गरम कुलंट फिरवा. ही प्लेट वेगळी घ्यावी लागली, किटमध्येच द्यायला काय जात होतं?

फरक किती पडला? डायनोवर नेली नाही त्यामुळे इतके घोडे वाढले असं फेकणार नाही. कंपनीचं शेवटचं इंजेक्शनवालं मॉडेलसुद्धा १५० हॉर्सपॉवर आणि २६० पाउंड-फूटच्या घरातलं, तेव्हा स्वप्नं बेतानंच बघा. पण तोच ट्रेलर तोच चढ आता तिसऱ्यात निघतो, २००० च्या पुढे पाय दाबला की पूर्वी नुसता आवाज वाढायचा, आता गाडी पण हलते. अॅव्हरेज जवळपास तेवढंच, म्हणजे मी मोह आवरला तर. सुरवातीचं इग्निशन टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) १० डिग्रीवर ठेवलंय, नॉकिंग ऐकत ऐकत १२ पर्यंत जाऊन बघणार आहे.

आणि नुसती ओढ हवी असेल तर आधी मागचा डिफरन्शियल बघा राव, ३.०० रेशोच्या जागी ३.५० चा टाकला तर त्याच इंजिनातून चाकावर १६-१७ टक्के जास्त जोर येतो, कार्बला हात न लावता. हायवेला आरपीएम वाढतो ते वेगळं. आणि त्याच्याही आधी कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगून थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतोय का ते बघा, माझा जुना पाऊणच उघडत होता, किती वर्षं देव जाणे. स्मॉग टेस्टवाल्या (धुराची तपासणी करणाऱ्या) राज्यात असाल तर तुमच्या सालच्या गाडीला कार्ब बदललेला चालतो का ते किट मागवायच्या आधीच विचारून घ्या.

मॅनिफोल्डचे बोल्ट चार-पाच वेळा गरम-थंड झाल्यावर थंड इंजिनवर परत कसा. माझे दोन अजून पाव आटा फिरले.