लसीच्या गाठीसाठी घोडबंदर रोडचं मुलांचं क्लिनिक : डॉक्टरांना ५ पैकी ५, रिसेप्शनला २

आधी वाईट सांगते. अपॉइंटमेंट घेऊनही पाऊण तास बसवतात, एसी कधी चालू कधी बंद, आणि रिसेप्शनवरची बाई फोनवरच जास्त. पण डॉक्टर मॅडमसाठी मी पुन्हा जाईन, कारण आमच्या बाळाच्या काखेतली गाठ त्यांनी न कापता बरी केली.

बीसीजी, म्हणजे टीबीची लस, जन्मल्यावर डाव्या दंडावर दिलेली, महिन्याभरात तिथे फोड आला, थोडा पू, मग खपली, ते नॉर्मल असतं हे माहीत होतं. पण तिसऱ्या महिन्यात त्याच बाजूच्या काखेत लिंबाएवढी गाठ, वरची कातडी लाल आणि चकचकीत, हात लावला की आत लिबलिबीत. आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो तर त्यांनी बघताबघता सांगितलं चिरा देऊन पू काढू, वर टीबीच्या गोळ्याही चालू करा म्हणे. घाबरलोच आम्ही.

इथे मॅडमनी आधी बाळाचं वजन केलं, ताप येतो का, दूध नीट पितं का, अजून कुठे गाठी आहेत का, घरात कुणाचं बाळ लहानपणीच गेलं होतं का, सगळं शांतपणे विचारलं. इम्युनिटीचा काही प्रॉब्लेम असेल तर हीच लस अंगभर पसरू शकते, म्हणून ते विचारावं लागतं म्हणाल्या. बाकी ठणठणीत असेल तर कडक गाठ बहुतेक वेळा आपोआप जिरते, टीबीच्या औषधांनी तिला फरक पडतो असं दिसलेलं नाही. आमची मऊ झाली होती म्हणून बाजूच्या चांगल्या कातडीतून जाड सुई घालून पू ओढून घेतला, पाच मिनिटांचं काम, बाळ रडलं पण लगेच दूध पिऊन झोपलं. चिरा का नाही तर ती जखम महिनोन्महिने वाहत राहते, भरतच नाही.

सासूबाईंनी हळदीचा लेप विचारला तर मॅडम हसून म्हणाल्या, ‘आजी, हळद दुधात घाला, इथे फक्त स्वच्छ पाणी.’ शेकायचं नाही, दाबायचं नाही, पावडर नाही. महिन्याभराने गाठ वाटाण्याएवढी उरली, आता तर शोधावी लागते.

फी जरा जास्त आहे पण फालतू टेस्ट एकही लिहिली नाही. जाताना लसीकरणाचं कार्ड न्या, बीसीजीची तारीख आधी विचारतात, आणि शक्यतो सकाळी जा, संध्याकाळी घोडबंदरचं ट्रॅफिक आणि ती रिसेप्शन दोन्ही एकदम झेपत नाही.