एबीएस वाचणारा स्कॅनर, जुन्या झेड४ वर: पावसाळ्यापासून ऊसतोडीपर्यंत

एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा फॉल्ट शोधायला मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं स्वस्तातलं डोंगल कामाचं नाही. ते इंजिनाचे फॉल्ट कोड वाचतं, एबीएसचं युनिट त्याला दिसतच नाही, आणि ‘फॉल्ट नाही’ वाचून माणूस निश्चिंत होतो. हा अनुभव आहे तो गाडीतल्या प्रत्येक कंट्रोल युनिटशी, म्हणजे छोट्या संगणकाशी बोलणाऱ्या, हातात धरायच्या मध्यम किमतीच्या स्कॅनरचा. गाडी बीएमडब्ल्यू झेड४, ई८९ पिढीतली, म्हणजे २००९ ते २०१६ दरम्यानची. वापर साताऱ्यात: यवतेश्वरचा घाट, कासचा रस्ता, पसरणी, कधी महामार्गावर खंबाटकी. तक्रार नेहमीचीच. एबीएस आणि डीएससीचे (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पिवळे दिवे मध्येच लागतात, गाडी बंद करून चालू केली की गायब.

स्कॅनर लावण्याआधी दिवा कुठला ते बघा. लाल, गोलात उद्गारचिन्ह असेल तर पार्किंग ब्रेक किंवा ब्रेक ऑइलची पातळी. घाटात वळणावर लागून सरळ रस्त्यावर विझत असेल, तर ऑइल बहुतेक ‘मिन’च्या रेघेला टेकलंय, वळणात ते एका बाजूला गेलं की टाकीतला पातळी मोजणारा फ्लोट खाली बसतो. लगेच ऑइल ओतू नका. ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन पुढे येतात आणि पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड मोजा. पॅड जाड आणि तरी पातळी खाली, तर गळती शोधायची. लाल आणि पिवळा एबीएस एकदम लागले, पार्किंग ब्रेक सुटलेला आहे आणि ऑइलही पुरेसं आहे, अशा वेळी पुढच्या-मागच्या ब्रेकचं इलेक्ट्रॉनिक वाटपही बंद असू शकतं. जोरात ब्रेक लागला तर मागची चाकं आधी लॉक होतील. त्या गाडीने घाट उतरायचा नाही, टोइंग मागवायचं.

आता स्कॅनर. कोड वाचणं हा त्याचा सगळ्यात कमी उपयोगाचा भाग. ‘डावं पुढचं चाक, सिग्नल नाही’ असा कोड आला की गॅरेजमध्ये थेट सेन्सर बदलतात. कोड सर्किट सांगतो, पार्ट सांगत नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, वायर आहे, प्लग आहे, आणि सेन्सर जिच्यावरून चाकाचा वेग वाचतो ती बेअरिंगच्या सीलवरची चुंबकीय रिंगही आहे. उलट कोडसोबत साठवलेले किलोमीटर मात्र फार कामाचे. त्यावरून फॉल्ट नेमका कुठल्या फेरीत आला ते कळतं. म्हणून पुसण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. ‘क्लिअर करून बघू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या हातात स्कॅनर द्यायचा नाही.

खरी किंमत वसूल होते ती लाइव्ह आलेखावर. चारही चाकांचा वेग एका पानावर घ्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी २०–३० किलोमीटरने सरळ चाला, मग हळूहळू थांबा. स्क्रीन बघायला शेजारी दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्याने बघायचं नाही. एका चाकाची रेघ धाडकन शून्यावर पडून परत येत असेल तर संशय वायर आणि प्लगवर. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी खाच पडत असेल तर रिंग खराब आहे किंवा तिला लोखंडी कीस चिकटलाय. फक्त थांबता थांबता सिग्नल हरवत असेल तर बेअरिंग सैल झालंय का ते तपासा. एकच रेघ सतत थोडी वर असेल तर सेन्सरला दोष देऊ नका, त्या चाकाचा टायर जास्त झिजलाय किंवा वेगळ्या मापाचा आहे.

या गाडीत डाव्या पुढच्या चाकाची रेघ स्टीअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यातून जाताना पडत होती. सेन्सर ठणठणीत. चाकाच्या कमानीत लायनरमागे प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात चाकाच्या वेग-सेन्सरचा आणि पॅडची झीज सांगणाऱ्या सेन्सरचा असे दोन्ही प्लग बसतात. पावसाळ्यात तिच्यात चिखलाचं पाणी शिरतं आणि पिनांवर हिरवा थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, पूर्ण वाळवणं, सैल पिन किंचित आवळणं आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस: एवढ्यावर दिवे गेले. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलातूनही अजून परतलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट. चाकाच्या वेगाचे हे सेन्सर ॲक्टिव्ह आहेत, त्यांना वीजपुरवठा लागतो आणि सिग्नल साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअरच्या दोन पातळ्यांत येतो. जुन्या पॅसिव्ह सेन्सरसारखं ओहममध्ये मोजून काही कळत नाही. एकाच ॲक्सलवरचे दोन सेन्सर सारखे असतील तर अदलाबदल करा: कोड सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर, जागेवरच राहिला तर वायर किंवा बेअरिंग. बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर ते उलटं तर बसवलं नाही ना, हे आधी विचारा. चुंबकीय बाजू सेन्सरकडे नसेल तर नवा सेन्सरही काही करू शकत नाही.

चार वेगवेगळ्या युनिटमध्ये एकाच किलोमीटरला कोड दिसले तर ब्रेककडे जाऊच नका, व्होल्टेज बघा. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाड्यांत हे हमखास. स्थिर बॅटरी १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. नवी बॅटरी टाकली तर गाडीच्या संगणकात तिची नोंदणी करावी लागते. हा स्कॅनर ती करतो. ब्रेक लाइटचा स्विच तपासायला पेडल अगदी हलकं दाबत लाइव्ह स्थिती बघायची, ती लगेच बदलली पाहिजे.

पॅडच्या दिव्यात स्कॅनर अर्धाच उपयोगी. सेन्सर फक्त डावीकडे पुढे आणि उजवीकडे मागे असतो, त्यामुळे दिवा नाही म्हणजे बाकी दोन चाकांचे पॅड शिल्लक आहेत असं नाही. झिजलेला सेन्सर तसाच ठेवून सर्व्हिस रिसेट होत नाही. पॅडबरोबर तोही नवा टाका. ऑइलमध्ये मुरलेलं पाणी तर कुठलाच दिवा दाखवत नाही. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, ओलावा धरल्यावर किमान १५५. पसरणी उतरणाऱ्याने दोन वर्षांनी ऑइल बदलावंच, आणि डीएससी असल्याने कमी घट्टपणाचं डॉट ४ घ्यावं.

खटकलेलं: चालू व्हायला वेळ फार लागतो, केबल आखूड आहे, कोडचं वर्णन कधी कधी मशीनने भाषांतर केल्यासारखं, आणि रेकॉर्डिंग लांबलं तर आधीचा भाग पुसला जातो. व्हील अलाइनमेंटनंतर स्टीअरिंग अँगल कॅलिब्रेशन मात्र बिनतक्रार झालं. अपडेटची मुदत वर्षाने संपते, पण वाचन चालू राहतं. इतक्या जुन्या गाडीसाठी नूतनीकरणाचे पैसे भरणार नाही.