तीन रविवार अमेरिकेतल्या संपांचे, शाहूपुरीतल्या वर्गाबद्दल

गेल्या महिन्यात कोल्हापुरात शाहूपुरीत एका हॉलवर तीन रविवारचा वर्ग होता, विषय अमेरिकेतले कामगारांचे संप आणि तिथलं राजकारण, १८७७ ते १८९६. फी ५०० रुपये, सकाळी १० ते १, चहा त्यातच. मी शिरोलीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे, सुट्टीचा दिवस एकच, त्यामुळं जाऊ का नको असं दोन दिवस चाललं होतं. गेलो ते लई बरं झालं. पुढची बॅच लागणार आहे म्हणतात, कुणी विचारात असेल तर त्यांच्यासाठी लिहितोय, आवडलं ते पण आणि कमी पडलं ते पण.

सर रिटायर्ड प्राध्यापक. पहिल्या दिवशी त्यांनी राष्ट्राध्यक्षांची यादी वगैरे काही काढली नाही, फळ्यावर फक्त १० टक्के एवढंच लिहिलं आणि विचारलं, उद्या तुमचा पगार एवढा कापला तर घरात आधी काय बंद होईल? कोण म्हणालं दूध, कोण म्हणालं पोराचा क्लास. मग म्हणाले, १८७७ च्या जुलैत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनं हेच केलं, तेही १८७३ पासून मंदी चालू असताना आणि आधी एकदा पगार कापून झालेला असताना. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग नावाच्या गावात कामगारांनी इंजिनं अडवली आणि ते लोण बाल्टिमोर, पिट्सबर्ग, शिकागोपर्यंत गेलं, गोळीबार झाले, शंभरच्या आसपास माणसं गेली.

त्यातच सरांनी राजकारण असं जोडून दिलं की मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. राष्ट्राध्यक्ष हेस हे १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीत राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांत १८५ विरुद्ध १८४, म्हणजे एका मतानं आलेले, आणि समोरच्या टिल्डनना जनतेची मतं जास्त होती. हेस यांची वाट मोकळी झाली ती दक्षिणेकडच्यांशी समझोता करून, आणि १८७७ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धापासून दक्षिणेत उरलेलं केंद्राचं सैन्य संरक्षणाच्या कामावरून बराकीत गेलं, तिथले काळे लोक वाऱ्यावर. आणि जुलैत संप मोडायला सैन्य मिळालं. कुणाच्या रक्षणाला सैन्य नाही आणि कुणाच्या मालासाठी आहे, हे एका वर्षात तीन महिन्यांच्या अंतरानं दिसतं.

दुसरा रविवार हेमार्केटचा. हा भाग मला आयुष्यभर लक्षात राहील. १ मे म्हटलं की आपल्याकडं महाराष्ट्र दिन, झेंडावंदन, कामगार दिनाचं नाव पण घेतात, पण शिकागोत काय झालं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी देशभर संप, ३ मे ला मॅककॉर्मिकच्या कारखान्याबाहेर पोलिसांचा गोळीबार, त्याच्या निषेधाला ४ मे ला संध्याकाळी हेमार्केट चौकात सभा. महापौर स्वतः येऊन बघून गेले, सगळं शांत आहे म्हणाले. पाऊस यायला लागला, थोडीच माणसं उरलेली, तेवढ्यात पोलिसांची तुकडी आली आणि कुणीतरी बॉम्ब टाकला. कुणी टाकला ते कधीच सिद्ध झालं नाही. तरी आठ जणांवर खटला, त्यातले काही तर त्या वेळी चौकातच नव्हते. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी, एकानं आदल्या दिवशी तुरुंगात जीव दिला. राहिलेल्या तिघांना १८९३ ला गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी सोडलं आणि खटलाच अन्यायाचा होता असं लेखी दिलं, पुढची निवडणूक ते हरले. त्याच काळात मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी पण नव्हती, ती नारायण मेघाजी लोखंडेंनी लढून १८९० ला मिळवली, हे सरांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर वडील आले. शाहू मिलला होते, भोंगा झाला की घरातनं निघायचे. भोंगा आम्हाला घड्याळ होतं, पण ते तास कुणी ठरवले, कुणी भांडून कमी केले, याचा विचार घरात कुणी केला नव्हता.

होमस्टेडवर मी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, कारण भट्टीचं काम मला माहितीय. १८९२, कार्नेगीची पोलाद गिरणी, कार्नेगी स्वतः स्कॉटलंडात, हितं कारभार फ्रिककडं. युनियन मोडायची म्हणून टाळेबंदी, आणि नदीतनं ३०० पिंकर्टन म्हणजे भाड्याची खाजगी फौज आणली. ६ जुलैला नदीकाठावर लढाई झाली, दोन्हीकडची माणसं मेली, फौजेनं शरणागती पत्करली, पण मग राज्यानं हजारोंची मिलिशिया, म्हणजे राज्याची फौज, पाठवली आणि युनियन संपली ती संपलीच. बारा तासाच्या पाळीत भट्टीसमोर उभं राहणं काय असतं ते ज्यानं केलंय त्याला हे ऐकून नुसतं बसवत नाही.

पुलमन म्हणजे रेल्वेचे डबे करणारी कंपनी, तिथल्या संपाचा भाग पण चांगला झाला. मालकाच्याच गावात मालकाच्याच खोलीत राहायचं, १८९३ च्या मंदीत पगार सुमारे २५ टक्के कापला आणि भाडं तेवढंच ठेवलं. युजीन डेब्सच्या युनियननं पुलमनचे डबे ओढायचे नाहीत असं ठरवलं तर सरकारनं टपाल अडलं म्हणून कोर्टाची मनाई आणली, सैन्य पाठवलं, डेब्सना सहा महिने जेल. ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, ऑल्नी आधी रेल्वे कंपन्यांचेच वकील. हेस रिपब्लिकन, आताचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड डेमोक्रॅट, सैन्य दोघांनीही पाठवलं. आणि सप्टेंबरमधल्या लेबर डेच्या सुट्टीवर क्लीव्हलंडनी सही केली ती २८ जून १८९४ ला, हाच संप चालू असताना.

एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, या युनियनमध्ये सगळ्यांना घेत होते का? सरांनी झाकलं नाही. डेब्सच्या युनियनमध्ये काळ्या कामगारांना बंदी होती, आणि १८८२ च्या चिनी बंदीच्या कायद्याला कामगार संघटनांचाच पाठिंबा होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलितांना घेत नव्हते तेही त्यांनी लगेच सांगितलं. असं सरळ उत्तर देणारा माणूस मिळत नाही.

आता तक्रार. तिसऱ्या रविवारी शेतकऱ्यांचा भाग शेवटच्या दहा मिनिटांत उरकला, आणि वर्गात निम्मी माणसं शिरोळ, हातकणंगल्याची, ऊसवाली. शिरोळच्या एका तात्यांनी हात वर केला तर वेळ संपली म्हणून राहिलं. नंतर चहाच्या गाड्यावर आम्ही सरांना गाठलं आणि तिथं अर्धा तास उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते वर्गातच पाहिजे होतं. गव्हाचा आणि कापसाचा भाव वर्षानुवर्षं पडत चाललेला, रेल्वे वाहतुकीचा दर लावेल तो, दक्षिणेत तर दुकानदार पीक तारण ठेवून उधारी देणार, मग पीक निघायच्या आधीच त्याचं झालेलं. त्यातनं पॉप्युलिस्ट पक्ष उभा राहिला, १८९२ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या त्यांच्या वीव्हरना दहा लाखांवर मतं पडली, मागण्या काय तर रेल्वे सरकारची करा, जास्त कमाईवर जास्त कर लावा, सिनेटर थेट जनतेनं निवडू दे. १८९६ ला ३६ वर्षांच्या ब्रायनना डेमोक्रॅटांनी उभं केलं, पॉप्युलिस्टांनीही त्यांनाच पाठिंबा दिला, तिकडं रिपब्लिकन मॅकिन्लेंच्या मागं त्यांचा प्रचार सांभाळणाऱ्या हॅना यांनी उद्योगपतींचा पैसा उभा केला, आणि मॅकिन्ले आले. तात्या म्हणाले, म्हणजे सर, शहरातल्या कामगारानं शेतकऱ्याला मत दिलं नाही? सर म्हणाले, पुरेसं दिलं नाही तात्या, भाव वाढले तर आपली भाकरी महाग होईल ही भीती पण होती त्यात. तात्या गप्पच झाले, मी पण. माझ्या घरात मी कामगार आणि चुलते ऊसवाले, दराचं आंदोलन लागलं की एका ताटावर बसून दोन बाजू होतात.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे, फी ६०० करा पण चौथा रविवार ठेवा, फक्त शेतकऱ्यांसाठी. मागच्या रांगेत आवाज नीट येत नाही, लवकर जाऊन पुढं बसा. वही न्या, झेरॉक्स मिळत नाही. जिना उंच आहे, तात्यांना त्रास झाला, खालच्या मजल्यावर घेता आलं तर बघा.